वळिवडे : परागंदा माणसांचं गाव

दरवर्षी १७ सप्टेंबरला हिंगोलीत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो. पोलंडसाठी ही तारीख काळी आहे. १९३९ साली १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य त्या देशात घुसलं आणि १७ तारखेला पूर्वेकडून स्टालिनचं. नाझींनी आपल्या वाट्याच्या मुलखात १९४० साली ऑशविट्झची छळछावणी उघडली. तिथं सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. पूर्वेकडच्या लाखोंना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं गेलं.

१९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला. मग स्टालिनला पोलंडशी समझोता करावा लागला आणि या कैद्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. इराणमार्गे भारतात आलेल्या कुटुंबांसाठी १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे छावणी उभी राहिली. वस्ती सुमारे ५,००० : मुख्यतः बायका, मुलं, म्हातारी माणसं. अनेक घरांतले कर्ते पुरुष आघाडीवर लढत होते. कौलारू बराकींमध्ये संसार मांडले गेले. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउट पथकं, नाटकं असं सगळं पोलिश भाषेत चाले. सायबेरियात शाळा तुटलेली मुलं इथं पुन्हा शिकू लागली.

युद्ध संपलं, पण यांपैकी बहुतेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८ साली छावणी उठली आणि माणसं ब्रिटनसह अनेक देशांत पांगली. त्यांच्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. कापडाच्या घाऊक व्यापाराचं आजचं गांधीनगर ते हेच.

ऑशविट्झमधून वाचलेल्यांच्या पुढाकारानं तिथं १९४७ साली संग्रहालय झालं. वळिवड्याची आठवणही तिथं वाढलेल्या मुलांनीच जपली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, शहरात पोलिश थडगी आहेत, २०१९ साली वळिवड्यातही स्मारक झालं. वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भारताच्या पंतप्रधानांनी २०२४ साली भेट दिली.

निजामाच्या राजवटीत रझाकारांच्या जाचापायी मराठवाड्यातून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी आपल्याकडे घराघरांत आहेत. त्यांना आसरा देणाऱ्या गावांची नोंद मात्र क्वचितच सापडते. जुलमाची स्मारकं हवीतच. त्यांच्यामुळे जुलूम नाकारता येत नाही. पण परक्याला दार उघडता येतं, याचाही पुरावा पुढच्या पिढीला मिळायला हवा. वळिवड्याचा धडा म्हणूनच मराठवाड्यातल्या शाळांत शिकवावा, आणि त्याच तासाला मुलांनी आपल्या आजी-आजोबांना कुणी आसरा दिला होता, ते विचारून लिहून काढावं.