स्टार्टअपच्या बोर्डावर कोण बसतं आणि फाउंडरला कोण काढू शकतं?

गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका मित्राने मला व्हॉट्सॲपवर टर्म शीट पाठवली. त्याच्या ॲपमध्ये पहिल्यांदाच बाहेरचा पैसा येतोय. खाली एकच प्रश्न: 'भावा, व्हॅल्युएशन कमी वाटतंय का?' माझी नजर मात्र दुसऱ्याच ओळीवर अडली. बोर्डावर तीन जागा, एक त्याची आणि दोन गुंतवणूकदाराच्या. त्याबद्दल त्याने काही विचारलंच नव्हतं.

संचालक मंडळ म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना शिकवायला नको. गोकुळची निवडणूक लागली की गावोगावी दुसरा विषय नसतो. पण तिथे एका दूध संस्थेला एक मत. कंपनीत भागधारकांची मतं शेअरवर मोजतात आणि बोर्डाच्या बैठकीत डोकी. म्हणजे ८० टक्के शेअर तुमचे असले, तरी बैठकीत तुम्ही एकटे आणि समोर दोघे असाल तर ठराव त्यांचाच होतो. सीईओ कोण, हे बहुतेक वेळा बोर्डच ठरवतं. शेअरच्या जोरावर त्या दोघांना काढीन म्हणाल, तर करारात तो रस्ता आधीच बंद केलेला असतो.

मुंबईच्या हाउसिंग डॉट कॉमचं आठवतंय? आयआयटी मुंबईच्या पोरांनी २०१२ मध्ये सुरू केलेली कंपनी, सॉफ्टबँकेचा पैसा आलेला. सीईओ राहुल यादव आणि गुंतवणूकदारांचं जाहीर भांडण झालं आणि १ जुलै २०१५ ला बोर्डाने त्यांना काढून टाकलं. स्वतः उभारलेल्या कंपनीतून.

मग बोर्ड फाउंडरच्याच मुठीत ठेवावं का? तिथे बायजूजचं उदाहरण बघा. जून २०२३ मध्ये पीक एक्सव्ही, प्रोसस आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या तिन्ही गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी बोर्ड सोडून गेले. आमचा सल्ला वारंवार डावलला गेला, असं प्रोससने नंतर जाहीरपणे सांगितलं. ऑडिटर डेलॉइटनेही काम सोडलं, कारण मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षाचे हिशेबच वेळेवर मिळत नव्हते. बोर्डावर उरले बायजू रवींद्रन, पत्नी दिव्या गोकुलनाथ आणि भाऊ रिजू. घरच्या घरी अवघड प्रश्न कोण विचारणार?

म्हणून मला पाच जणांची रचना पटते: दोन फाउंडर, दोन गुंतवणूकदारांचे आणि पाचवा कुणाचाच नसलेला, धंदा कळणारा माणूस. प्रायव्हेट कंपनीत असा स्वतंत्र संचालक नेमायची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे ही जागा रिकामीच राहते किंवा ओळखीतल्या कुणाला तरी मिळते. पहिल्या फेरीत एवढं मोठं बोर्ड लागत नाही, दोन फाउंडर आणि एक गुंतवणूकदार पुरतात.

गुंतवणूकदाराला बहुमत लागतंच असंही नाही. नवे शेअर काढणं, मोठं कर्ज, कंपनी विकणं अशा बाबी आमच्या संमतीशिवाय नाहीत, असं तो करारात लिहून घेतोच. शिवाय ऑब्झर्व्हर नेमता येतो, तो बैठकीत बसतो, बोलतो, पण त्याला मत नसतं. आणि संचालक कुणीही पाठवलेला असो, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ प्रमाणे त्याला कंपनीचं हित बघावं लागतं, पाठवणाऱ्याचं नव्हे.

मित्राने आता उलट मागणी केली आहे: दोन जागा त्याच्या आणि सहसंस्थापकाच्या, एक गुंतवणूकदाराची, वर एक ऑब्झर्व्हर. व्हॅल्युएशनवर थोडं खाली यायची त्याची तयारी आहे. समोरून अजून उत्तर आलेलं नाही.