तांब्यावरची अळी!

द्राक्षबागेत अळी दिसली की नाशिककराचा हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो. सतराव्या शतकातल्या अँटवर्पच्या चित्रकार यान व्हान केसलचा मात्र ब्रशकडे जायचा!

माहीत आहे का? या पठ्ठ्यानं १६५७ च्या एका चित्रात स्वतःची सहीच सुरवंट आणि सापांनी केली. कुणी वेटोळं घातलंय, कुणी ताणून बसलंय, आणि नीट पाहिलं तर नाव वाचता येतं. त्याची कितीतरी चित्रं तांब्याच्या चिमुकल्या पत्र्यांवर आहेत. म्हणजे तांबटांची आळी आपल्याकडे, तांब्यावरची अळी त्यांच्याकडे!

डच चित्रकार ऑटो मार्सेउस तर त्याच्याही पुढचा. ओल्या रंगावर खरंखुरं फुलपाखरू दाबायचं, पंखांचे खवले चित्रातच चिकटतात. सतराव्या शतकातलं कॉपी-पेस्ट!

चित्रकार मारिया सिबिला मेरियनबाई १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, लेकीला घेऊन सुरीनामच्या जंगलात गेल्या. कशासाठी? कुठली अळी कुठलं पान खाते, ते बघून रंगवायला. पुढे जर्मनीनं त्यांना पाचशे मार्कच्या नोटेवर बसवलं. नोटेच्या पाठीवर? अळी, अर्थात!

आता जरा घराकडे. पुण्यात नाशिक फाटा सोडून एसटी शिवाजीनगरकडे निघाली की दापोडी लागते. तिथे एकेकाळी सरकारी वनस्पती-बाग होती, माहीत आहे का? १८४७ ते १८५० मध्ये बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून तिथल्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. देठ, पाकळी, उघडून दाखवलेलं फूल, सगळं तब्येतीत. दीडशेहून जास्त चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. आणि चित्रकार? पोर्तुगीज-भारतीय होता, बास. नावच नाही! एका सुरवंटाइतकीही सही मागे नाही, हे मला जाम खटकतं.

नावाच्या बाबतीत आपली नाशिकजवळची अंजनेरी लकी. इथल्या एका कंदीलपुष्पाचं २००६ मध्ये बारसं झालं: सेरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्पांची आयडिया भन्नाट असते. माशी नळीत शिरते, आतले केस तिला अडकवतात. केस सुकले की सुटका. पण निघताना सोंडेला परागांची पिशवी लटकलेली. मुक्काम फुकट, हमाली सक्तीची!