पांढऱ्या नागाचे विष

महाराष्ट्रात अधूनमधून कुठे ना कुठे पांढरा नाग सापडतो आणि त्याच्या दर्शनाला गर्दी लोटते. नागपंचमीच्या आसपास सापडला तर विचारायलाच नको. अहिल्यानगर जिल्ह्यात उसाच्या फडात राबणाऱ्यांची नाग, घोणस, मण्यार यांच्याशी कधीही गाठ पडू शकते. तिथे ‘हा देवाचा, चावत नाही’ ही समजूत जिवावर बेतेल. पांढरा नाग ही वेगळी जात नाही. रंगद्रव्याचे जनुक बिघडलेला तो नेहमीचाच नाग आहे.

याचा भक्कम पुरावा पाळीव परदेशी सापांतून मिळाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकच्या मात्र हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या, त्यामुळे कोणत्या जोडीला कोणत्या रंगाची पिल्ले होतात हे कळत गेले. सापाच्या कातडीत काही पेशी काळे-तपकिरी मेलॅनिन बनवतात, काही पिवळा-लाल रंग साठवतात, तर काही स्फटिकांनी प्रकाश परतवतात. मेलॅनिन नसलेल्या कॉर्न स्नेकच्या ओसीए२ या जनुकात डीएनएचा उपरा तुकडा घुसल्याचे जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५मध्ये आढळले. या सापांचा काळा रंग जातो, पण पाठीवरचे लाल डाग जागच्या जागी राहतात. म्हणजे नक्षी कुठे उमटायची हे ठरते एकीकडे आणि तिच्यात काळा रंग भरला जातो दुसरीकडे. असे पिल्लू जन्मायला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. दोघे दिसायला साधे, पण एकेक सदोष प्रत बाळगणारे असले, तर सरासरी चारांत एक पिल्लू तसे निघते.

रंगाचे जनुक बिघडले, मग विषाचेही बिघडले नसेल कशावरून? शंका रास्त आहे. बॉल पायथन या पाळीव अजगरातल्या ‘स्पायडर’ नक्षीच्या सापांचे डोके डुलते, त्यांना तोल सावरत नाही. त्यांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असते. (निव्वळ देखण्या नक्षीसाठी असे जीव जन्माला घालणे मला क्रूर वाटते.) गर्भात ज्या पेशीसमूहातून रंगपेशी निघतात, त्यातूनच मज्जासंस्थेचे काही भागही घडतात, त्यामुळे नक्षीतला बदल कातडीपुरता राहीलच असे नाही. ओसीए२चे काम मात्र रंगपेशीच्या आत, मेलॅनिन तयार होण्याच्या टप्प्यावर चालते. विषग्रंथीला मेलॅनिन लागत नाही आणि विषाची जनुके निराळी आहेत. पट्ट्यांवरून मण्यार आणि बिनविषारी कवड्या ओळखण्याची सवयही म्हणूनच अपुरी आहे. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि कवड्याचे मानेकडे, हे खरे. पण पट्टेच पुसणारा बदल झाला तर ही खूण जाते, विष राहते. दंशानंतर सापाचा रंग आठवत वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर भारतात एकच प्रतिसर्पविष दिले जाते.