कणी घरात राहायची

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर आंबेमोहरात एक खोट आहे. तो मोडतो. दाणा आखूड, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा, वर ठिसूळ. भरडताना आणि सडताना त्याचे तुकडे पडतात, कितीही जपलं तरी पडतात. मुळशीच्या घरांतून अख्खा दाणा पुण्याच्या बाजाराला जायचा आणि तुकडा, म्हणजे कणी, मागे राहायची. आम्हा मुलांना जो मऊ भात मिळायचा तो या मागे राहिलेल्या कणीचा. अख्ख्या आंबेमोहराचा मोकळा भात ताटात पडला की आम्ही ओळखायचो, आज सण आहे किंवा पाहुणे आलेत.

माझं आजोळ कोळवण खोऱ्यात. सुट्टीत गेलं की सकाळची जाग कांडणाच्या आवाजाने यायची. पडवीच्या जमिनीत दगडी उखळ पुरलेलं होतं. दोन बायका समोरासमोर उभ्या राहायच्या, एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर. लय चुकली तर मुसळावर मुसळ आदळणार, म्हणून बोलणंही त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत चालायचं. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असायचं. ते दाण्यावर सरळ बसलं तर दाणा फुटतो. म्हणून मुसळ टाकायचं ते भाताच्या ढिगात, दाण्याने दाण्याला घासायचं, आणि त्या घासण्यानेच तूस सुटायचं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मामीने मोठेपणी सांगितलं, तेही मी मुद्दाम विचारल्यावर. कांडणाऱ्या बाईला हे समजावून सांगण्याची वेळ कधी आलेलीच नसते.

कांडण झालं की सूप. खरी कारागिरी सुपात होती. पहिल्या पाखडण्यात तूस उडायचं, ते परसात राखेला आणि जाळाला. पुन्हा सडलं की कोंडा निघायचा, तो म्हशीच्या आंबोणात. मग सूप किंचित तिरकं धरून, मनगट न थांबवता घोळायला सुरुवात व्हायची. अख्खा तांदूळ सुपाच्या एका अंगाला सरकायचा, कणी दुसऱ्या अंगाला, आणि अगदी बारीक चुरी पार कडेला. चाळणी लागायची नाही. साधारण हिशेब असा, की 100 किलो भातातून तूस आणि कोंडा जाऊन 65 ते 70 किलो तांदूळ हाती येतो, आणि आंबेमोहराच्या बाबतीत त्यातला बराच भाग कणीचा. पोत्यात भरताना आजी हात घालून पुन्हा तपासायची. अख्ख्यात कणी दिसली तर दुकानदार भाव पाडायचा. कणीत अख्खा दाणा दिसला तर मात्र कुणी काही म्हणायचं नाही, तेवढंच मुलांचं नशीब.

मामी अजूनही कणीचा भात चुलीवर करते. गॅस आहे, कुकरही आहे. पण तिच्या मते कुकरात कणी शिजते, मऊ होत नाही. तिची पद्धत मी बाजूला बसून पाहिली. कणी धुताना ती चोळत नाही, नुसती पाण्यात हलवून वरचं पाणी ओतून टाकते. एक वाटी कणीला सहा-सात वाट्या पाणी. नव्या भाताची कणी असेल तर पाणी थोडं कमी, जुनी असेल तर जास्त. कारण जुना तांदूळ पाणी ओढतो. आधण चांगलं खळखळलं की कणी मुठीने सोडत वैरायची आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहायचं. एकदम ओतली तर गोळा होतो आणि गोळ्याचं पोट कच्चं राहतं. फेस वर येऊन पातेल्याच्या काठाला लागला की जाळ मागे ओढायचा.

मोकळ्या भाताची पेज काढून घेतात. इथे ती काढायची नाही, कारण मऊपणा सगळा तिच्यात. कणी फुलली, तिच्या कडा दिसेनाशा झाल्या, की पातेलं चुलीवरून उचलून वैलावर. वैलाला थेट जाळ नसतो. चुलीतून येणारी धग तेवढी असते. तिथे झाकण ठेवून भात सोडून द्यायचा. मामी तोवर भाकऱ्या उरकते. मध्ये मी झाकण उचलायला गेले तर तिने डोळ्यांनीच दटावलं.

"अगं, वास जाईल त्याचा. मग काय खाशील, नुसती खळ?"

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. आंबेमोहराला आंब्याच्या मोहरासारखा गंध येतो तो मुख्यतः एका उडून जाणाऱ्या द्रव्यामुळे. बासमतीतही तेच द्रव्य असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात महाराष्ट्रातल्या सुवासिक तांदळांच्या गंधावर बरंच संशोधन झालं आहे. तांदूळ साठवून जुना होत गेला की हे द्रव्य कमी होत जातं आणि उघड्या पातेल्यात ते वाफेबरोबर निघून जातं. म्हणून भात कणगीत ठेवायचा आणि लागेल तसाच सडायचा, ही जुनी रीत वासाच्या दृष्टीनेही बरोबर होती. तूस अंगावर असलेला दाणा उघड्या तांदळापेक्षा चांगला टिकतो.

शेवटी मीठ, आणि पळीच्या पाठीने दोन-चार वेळा घोटणं. भात थाळीत ओतला की आपणहून पसरला पाहिजे, पण पाणी वेगळं सुटता कामा नये. एवढीच परीक्षा.

पुण्याच्या पेठांतल्या घरी हाच भात मेतकूट, साजूक तूप आणि लिंबाच्या लोणच्याबरोबर येतो. मेतकूट म्हणजे हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, थोडे गहू-तांदूळ, धने, जिरे, मेथ्या, मोहरी हे सगळं वेगवेगळं कोरडं भाजून, हिंग-हळद-सुंठ घालून केलेलं दळण. ते मला आवडतं. माझ्या सासरी ते बरणीभर असतं. पण आजोळी मेतकूट नव्हतं. म्हशीचं दूध डेअरीला जायचं, तूप सणाला दिसायचं. आमच्या थाळीत मऊ भातावर ताक आणि मीठ, नाहीतर गुळाचा खडा. मोठी माणसं लसणाची चटणी किंवा भाजलेली सुकट घ्यायची. तूप-मेतकुटाच्या भाताला आज सगळे सात्त्विक म्हणतात. सुकटीबरोबरच्या भाताला कुणी काही म्हणत नाही, पण पोटाला तो तितकाच हलका आणि मनाला तितकाच धीर देणारा होता.

हा भात इतका मऊ लागतो, पण त्याच्या मागचं काम भलतंच कष्टाचं. उन्हाळ्यात दाढ भाजायची: शेण, पालापाचोळा, कवळं आणि माती यांचे थर देऊन रोपाची जागा जाळायची, म्हणजे तणाचं बी मरतं. मृगाच्या तोंडावर पेरणी. मग आषाढातल्या मुसळधार पावसात चिखलणी आणि आवणी. दिवसभर वाकून, पोटरीपर्यंत चिखलात. पूर्वी पाठीवर इरलं असायचं, आता प्लॅस्टिकचा कागद. आंबेमोहराचं रोप उंच वाढतं. दाणा भरत असताना वाऱ्यापावसाचा एक तडाखा बसला तरी ते लोळतं आणि लोंबी चिखलात जाते. कापणी, झोडणी, वारवणी हे सारं दिवाळीच्या आगेमागे.

या खाचरांसाठी मुळशीने मोठी किंमत मोजली आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं, तेव्हा 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. लढा 1924पर्यंत चालला आणि हरला. पाण्याखाली गेली ती नदीकाठची, गाळाची, पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून तयार केलेली भातजमीन. ज्यांची गेली ती माणसं डोंगराच्या अंगाला सरकली, जिथे मुरूम जास्त आणि माती कमी. हे लक्षात घेतलं की इथली माणसं एकेक कणी का वेचायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता उखळ पडवीत नाही. भात हलरवर भरडून आणतात, तासाभरात पोतं मोकळं. हलर दाणा जास्त मोडतो, म्हणून कणी वाढली. पण ती घरात राहत नाही. बरीचशी कोंबड्यांना जाते. आंबेमोहर लावणारेही कमी झाले. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेली इंद्रायणी 1987 साली आली. ती बुटकी, लोळत नाही, उतारा जास्त, वासही बऱ्यापैकी. शेतकऱ्याने ती घेतली यात त्याची चूक नाही. मामाचीही निम्म्याहून अधिक खाचरं इंद्रायणीची आहेत. हिंजवडीपासून लवासापर्यंत ज्या तालुक्यात जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो, तिथे कुणी अजून भात लावतं हेच विशेष.

शहरात आंबेमोहर म्हणून जे मिळतं त्याची कथा निराळी. आंध्रातला जिराशंकर किंवा मध्य प्रदेशातला जवाफूल हे आखूड दाण्याचे तांदूळ याच नावाने सर्रास विकले जातात. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी दुकानातल्या उघड्या पोत्यावर ते कोण तपासणार? काही घरांत कुंडीत आंबेमोहोर पात लावलेली असते. तिचं एक पान साध्या तांदळात टाकलं की भाताला तसाच वास येतो. मला यात फसवणूक दिसत नाही, भूक दिसते. पण पानाने वास येतो, कणीचा मऊपणा येत नाही.

मऊ भाताच्या आठवणींनी डोळे ओले करणं सोपं आहे. त्यापेक्षा एक करा. दिवाळीनंतर नवा भात भरडला की पौड, कोळवण, मुठा खोऱ्याकडे या आणि शेतकऱ्याच्या घरून तांदूळ घ्या. घेताना वास घ्या, कोणत्या खाचरातला आहे ते विचारा, आणि अख्ख्याबरोबर कणीही मागा. तिला कोंबडीच्या खाद्याचा भाव देऊ नका, तांदळाचा द्या. आंबेमोहर मोडणारच. त्या मोडलेल्या दाण्यालाही गिऱ्हाईक मिळालं, तरच तो लावणं शेतकऱ्याला परवडेल.