कुलूपकिल्ली – ७ : युक्रेनचं अकाउंटिंग आणि न्हावा-शेव्याचं गेट

गेल्या आठवड्यात सांगितलेली वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूची गोष्ट तशी सरळ होती. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली, हल्ला १२ मे रोजी झाला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट टाकलं, ते वाचले. आजची गोष्ट त्यानंतर दीड महिन्यानं घडली. यात अपडेट टाकणारेही बुडाले. किंबहुना संकट शिरलं तेच अपडेटमधून.

२७ जून २०१७. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं, म्हणजे आपल्या न्हावा-शेव्यातलं, गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता. कोणता कंटेनर यार्डात कुठे आहे, तो कोणत्या जहाजावर चढायचा, गेटवर आलेल्या ट्रेलरला आत घ्यायचं की नाही, हे सगळं तिथं संगणक सांगतो. तो गप्प बसला की क्रेन धडधाकट असून उपयोग नाही. जमेल तेवढं काम हातानं सुरू झालं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कोंडी होऊ लागली. त्याच बंदरातली शेजारची टर्मिनलं मात्र चालू होती. त्यांचे चालक वेगळे आणि संगणकांचं जाळंही वेगळं. हा तपशील लक्षात असू द्या.

हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. मर्स्कला लागण झाली ती युक्रेनमधून. तिथं करभरणा आणि हिशेबासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. आपल्याकडे टॅली जसं घरोघरी, तसंच ते तिथं. कीव्हमधल्या लिंकोस ग्रुप या छोट्या कंपनीचं हे उत्पादन. हल्लेखोरांनी तिच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरचा ताबा मिळवला आणि रीतसर अपडेटच्या वाटेनं विषाणू ग्राहकांच्या मशीनवर उतरवला. युक्रेनचा संविधान दिन २८ जूनचा, हल्ला आदल्या दिवशीचा. तो योगायोग असावा असं मला तरी वाटत नाही.

पडद्यावर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी दिसत होती, पण ती निव्वळ बतावणी. सोबत दाखवलेला सांकेतिक क्रमांक यादृच्छिक होता. त्यावरून कुलूप उघडणं हल्लेखोरांनाही शक्य नव्हतं. खंडणीखोर पेट्या या जुन्या विषाणूचा हा तोतया अवतार, म्हणून संशोधकांनी त्याला नाव दिलं ‘नॉटपेट्या’. उद्देश पैसे नव्हता, नासधूस होता. पुढे २०२० मध्ये अमेरिकेनं रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर याच प्रकरणासह इतर हल्ल्यांबद्दल आरोपपत्र ठेवलं.

आता मुद्द्याचं. एम.ई.डॉक युक्रेनबाहेर कोण वापरणार? मग मुंबईपर्यंत हे आलं कसं? नॉटपेट्याकडे पसरायच्या दोन युक्त्या होत्या. पहिली वॉनाक्रायवालीच, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली भेग, जी मार्चच्या अपडेटनं बुजली होती. दुसरी जास्त घातक. विंडोज मशीनवर कोणी लॉगिन केलं की त्याची ओळख मेमरीत राहते, म्हणजे पासवर्ड पुन्हापुन्हा टाकावा लागत नाही. ती ओळख उपसून काढणारं मिमिकाट्झ नावाचं साधन फ्रान्सच्या बेंजामिन डेल्पीनं काही वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ही भेग लोकांना दाखवून देण्यासाठीच. नॉटपेट्यानं तेच तंत्र उचललं. आयटीवाल्यानं एखाद्या मशीनवर ॲडमिन म्हणून लॉगिन केलेलं असेल, तर विषाणू ती ओळख घेऊन शेजारच्या मशीनवर जाई आणि तिथं मालक म्हणून वावरे. त्या शेजारच्या मशीनवर सगळी अपडेट असली तरी फरक पडत नसे, कारण तिच्या दृष्टीनं खराखुरा ॲडमिनच आला होता.

म्हणूनच, ‘सिस्टिम अपडेट ठेवा’ एवढं बजावून थांबणाऱ्या कार्यालयीन सूचनापत्रकांवर माझा विश्वास नाही. अपडेट टाकायचंच, त्याला पर्याय नाही. पण एक मशीन पडल्यावर किती पडतील, हे अपडेट ठरवत नाही. आपल्या कितीतरी ऑफिसांत प्रत्येक संगणकाचा ॲडमिन पासवर्ड एकच असतो. तो एका डायरीत असतो आणि सोडून गेलेल्या तिघांना पाठ असतो. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देऊन तो आपोआप बदलणारी ‘लॅप्स’ ही सोय मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून फुकट देते. ती वापरायला खर्च नाही, चिकाटी लागते. अकाउंट्सचे संगणक आणि कारखान्याचे संगणक एकाच जाळ्यात का आहेत, हे विचारायलाही खर्च नाही.

मर्स्कमध्ये हे कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार, जाळ्याची फेररचना आधीच सुचवली गेली होती आणि तिला मंजुरी आणि पैसाही मिळाला होता. पण ती पूर्ण होण्यावर वरिष्ठांचा बोनस अवलंबून नव्हता, म्हणून ती रेंगाळली. सरकारी फाइल वाचल्यासारखं वाटतं ना? शेवटी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

उभारणीची सुरुवातच अडली होती. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकदमच गेले. उरला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथलं इंटरनेट इतकं हळू की प्रत पाठवायला दिवस गेले असते आणि जिथून उभारणी चालली होती त्या ब्रिटनचा व्हिसा तिथल्या कोणाकडे नव्हता. तेव्हा एकानं हार्ड डिस्क नायजेरियापर्यंत आणली, दुसऱ्यानं ती लंडनला नेली.

न्हावा-शेव्यातल्या शेजारच्या टर्मिनलांना वाचवणाऱ्या वेगळेपणाचा फायदा आपल्याकडे जुलै २०२४ मध्येही दिसला. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले, पण देशाचं पेमेंट जाळं चालू राहिलं.

घानातली ती डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, नशीब. खरा बॅकअप कशाला म्हणायचं आणि तो चालतो की नाही हे कधी तपासायचं, ते पुढच्या लेखांकात.