सायकल मार्गांसाठी निधी : पुणे महानगरपालिका व मुळशी तालुक्याच्या सीमेवरील स्थानिक स्वराज्य संस्थांसमोरील प्रश्न

प्रस्तावना

पुणे शहर एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जात असे. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून अशा सर्व थरांतील माणसे सायकलीवरून ये-जा करीत. त्या काळी सायकल हे नगरपालिकेच्या उत्पन्नाचेही एक साधन होते. सायकलीवर कर आकारला जाई आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. आज परिस्थिती उलट झाली आहे. सायकलीपासून स्थानिक संस्थेला उत्पन्न मिळत नाही, उलट तिच्यासाठी खर्च करावा अशी मागणी आहे. हा खर्च कोणी, किती आणि कोणत्या निधीतून करावा, हा गेल्या दोन दशकांतील वादाचा विषय आहे. या वादाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि शहराची हद्द जेथे मुळशी तालुक्याला भिडते तेथे तो कोणते रूप घेतो याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धोरणात्मक पार्श्वभूमी

केंद्र शासनाने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांच्या संख्येनुसार न करता माणसांच्या संख्येनुसार व्हावे, हे त्या धोरणाचे मूलतत्त्व होते. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून पुण्यास अर्थसाहाय्य मिळू लागले. पुण्याच्या गटातील शहरांसाठी केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के आणि स्थानिक संस्था ३० टक्के असे खर्चाचे सूत्र होते. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बस वाहतूक सेवेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला व त्यासोबत रस्त्यांच्या कडेने सायकल मार्गही बांधण्यात आले.

पुढचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकलस्नेही जाळे आणि तीनशे कोटी रुपयांहून अधिक खर्च त्यात अपेक्षित होता. स्वतंत्र सायकल मार्ग, रंगवून आखलेल्या मार्गिका, मंद वाहतुकीचे रस्ते आणि हरित मार्ग असे प्रकार त्यात योजले होते. त्याच वर्षाअखेरीस शहरात भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजनाही सुरू झाली. आरंभी तिला उत्तम प्रतिसाद मिळाला. तथापि सायकलींची मोडतोड, चोरी आणि कंपन्यांची माघार यांमुळे ती काही वर्षांतच लयाला गेली.

वादाचे स्वरूप

सायकल मार्गांच्या निधीविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप प्रामुख्याने तीन आहेत. पहिला आक्षेप वापराचा. बांधलेल्या मार्गांवर सायकली दिसत नाहीत, मग आणखी मार्ग कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि खड्डे यांसाठी पैसा अपुरा असताना सायकलीवर खर्च करणे ही चैन आहे, असे म्हटले जाते. तिसरा आक्षेप जागेचा. रस्त्याची रुंदी वाढत नाही. त्यामुळे सायकलीला दिलेली जागा वाहनतळातून किंवा मोटारींच्या मार्गिकेतून काढून घ्यावी लागते आणि व्यापारी व वाहनधारक त्यास विरोध करतात.

समर्थकांची उत्तरेही विचारात घेण्याजोगी आहेत. ज्या मार्गावर मध्येच रोहित्र उभे आहे, पुढे मोटारी लावलेल्या आहेत आणि चौकात जो अचानक संपतो, त्यावर सायकली नसणे हा मागणीच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. नदीच्या निम्म्या पात्रापर्यंतच बांधलेल्या पुलावरून कोणी जात नाही म्हणून पुलाची गरज नाही, असे कोणी म्हणत नाही. अग्रक्रमाच्या बाबतीत, एका उड्डाणपुलाच्या खर्चाशी तुलना करता सायकल मार्गाचा दर किलोमीटर खर्च अल्प असतो. जागेचा आक्षेप मात्र खरा आहे व त्याचे उत्तर तांत्रिक नसून राजकीय आहे. भारतीय रस्ते महासभेने सायकल मार्गांच्या आखणीविषयीची मानके १९६२ मध्येच प्रसिद्ध केली आणि २०१५ मध्ये सुधारली. म्हणजे मार्ग कसा बांधावा याचे ज्ञान सहा दशकांपासून उपलब्ध आहे. कोणाची जागा कमी करावी याचा निर्णय तेवढा होत नाही.

तरतूद आणि खर्च यांतील अंतर

निधीचा प्रश्न समजून घेण्यासाठी अंदाजपत्रकाची प्रक्रिया लक्षात घ्यावी लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीस सादर करतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात फेरबदल करते आणि अंतिम मंजुरी मुख्य सभा देते. या टप्प्यांवर प्रभागनिहाय कामांसाठी सदस्यांचा आग्रह असतो. नगरसेवकांनी सुचविलेल्या कामांची 'स' यादी हा पुण्यातील अंदाजपत्रकाचा परिचित भाग आहे. प्रभागातील गल्लीचे काँक्रीटीकरण, विरंगुळा केंद्र किंवा उद्यान ही कामे एका प्रभागात पूर्ण होतात व त्यांवर फलक लावता येतो. सायकल मार्ग मात्र अनेक प्रभागांतून जातो आणि सलग असला तरच उपयोगी ठरतो. त्याचे श्रेय कोणा एकाचे नसल्यामुळे त्याचा पाठपुरावाही कोणा एकाकडे राहत नाही.

यातून तरतूद होते, पण खर्च होत नाही, अशी स्थिती उद्भवते. वर्षाच्या उत्तरार्धात अखर्चित रक्कम दुसऱ्या कामाकडे वळविण्याच्या प्रस्तावास 'वर्गीकरण' म्हणतात. ज्या लेखाशीर्षाला खंबीर पाठीराखा नाही, त्यातील रक्कम अशा वर्गीकरणास सर्वांत आधी बळी पडण्याचा धोका असतो. शिवाय भांडवली कामासाठी केंद्राचा वा राज्याचा निधी मिळतो, परंतु देखभालीचा खर्च स्थानिक संस्थेलाच करावा लागतो. नेहरू अभियानाचा कालावधी २०१४ मध्ये आणि स्मार्ट सिटी अभियानाचा कालावधी मार्च २०२५ मध्ये संपला. योजना संपली तरी तिच्यातून बांधलेला मार्ग उरतो आणि त्याच्या फरश्या बसविण्यासाठी पुन्हा अंदाजपत्रकातच जागा शोधावी लागते.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात अंदाजपत्रकावर लोकप्रतिनिधींची जाहीर चर्चाच झाली नाही. सायकल मार्गांना विरोध करणारा आवाज सभागृहात उरला नाही, तसाच समर्थन करणाराही उरला नाही.

मुळशीची सीमा

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुका आहे. जून २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यांत मुळशीतील सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे होती. हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे मात्र ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली राहिली. हिंजवडी–माण परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे, तर पिरंगुट परिसरात कारखाने आहेत. दोन्हीकडे रोज शहरातून व आसपासच्या गावांतून मोठ्या संख्येने माणसे कामास जातात. कोथरूडच्या चांदणी चौकापासून पिरंगुट साधारण दहा किलोमीटरवर आहे. मध्ये घाट असला तरी सायकलस्वाराला हे अंतर अशक्य नाही.

या दहा किलोमीटरांचा धनी मात्र एक नाही. चांदणी चौकापर्यंत महानगरपालिका, चौकात राष्ट्रीय महामार्ग यंत्रणा, पुढे पौडकडे जाणारा मुख्य रस्ता महामार्ग व बांधकाम खात्यांच्या अखत्यारीत, त्याच्या दोन्ही बाजूंच्या बांधकामांचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि गावांतर्गत रस्ते ग्रामपंचायतींकडे, अशी विभागणी आहे. हिंजवडीच्या उद्यानातील रस्ते तर औद्योगिक विकास महामंडळाकडे येतात. महानगरपालिकेच्या सायकल आराखड्याला तिच्या हद्दीपलीकडे बंधनकारक अर्थ उरत नाही.

ग्रामपंचायतीच्या निधीची मर्यादा याहून कठोर आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२० ते २०२६ या कालावधीतील अनुदानाचा ८० टक्के हिस्सा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. परंतु या अनुदानातील मोठा भाग पाणी व स्वच्छता या बाबींसाठी बंधित होता. २०२१-२२ पासून हे प्रमाण ६० टक्के होते. उरलेल्या अबंधित रकमेतून शाळा, अंगणवाडी, दिवाबत्ती आणि अंतर्गत रस्ते भागवायचे. रस्त्यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडून '३०५४' व '५०५४' या लेखाशीर्षांखाली रक्कम मिळते. तीत सायकलीची वेगळी नोंद नसते. शहरी लोकसंख्येचा भार आणि ग्रामीण निधी अशा कात्रीत ही गावे सापडली आहेत.

एक विसंगतीही येथे नोंदविणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांमार्फत विद्यार्थिनींना सायकली देण्याची योजना सर्वपरिचित आहे. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेच्या अभ्यासातून मुलींच्या माध्यमिक शाळेतील नोंदणीत लक्षणीय वाढ झाल्याचे दिसून आले. म्हणजे सायकल ही शिक्षणाची गुंतवणूक आहे हे शासनाला मान्य आहे. मात्र सायकल एका लेखाशीर्षातून मिळते आणि ती चालवायचा रस्ता दुसऱ्या खात्याकडे असतो. डंपर व मालवाहू वाहनांच्या रस्त्यावर मुलीला सायकल घेऊन पाठविण्यास पालक तयार नसतील, तर सायकलीवरील खर्च घराच्या भिंतीला टेकून राहतो.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तिचा मार्ग मुळशी व मावळ तालुक्यांतूनही गेला. त्यासाठी रस्ते सुधारण्यात आले. इच्छाशक्ती असल्यास विविध यंत्रणा एका मार्गासाठी एकत्र काम करू शकतात, हे यातून दिसले. काही दिवसांच्या स्पर्धकासाठी जे साधले, ते रोजच्या सायकलस्वारासाठी साधेल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अन्य देशांचा अनुभव

नेदरलँड्समध्येही सायकल मार्ग परंपरेने आपोआप आलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारींची संख्या वाढली व सायकलींचा वापर घटला. १९७० च्या दशकात रस्त्यांवरील बालमृत्यूंविरुद्ध पालकांचे आंदोलन झाले, १९७३ च्या तेलसंकटाची त्यात भर पडली आणि त्यानंतर तेथील धोरण बदलले. सायकल मार्गाचा प्रश्न पर्यावरणाचा म्हणून मांडला गेला तेव्हा तो दुय्यम राहिला. मुलांच्या जिवाचा प्रश्न झाला तेव्हा निधी मिळाला, असा त्याचा अर्थ लावता येतो.

निष्कर्ष

१. सायकल मार्गांविषयीचा वाद वरकरणी निधीचा दिसत असला, तरी मुळात तो रस्त्यावरील जागेच्या वाटपाचा आहे. जागेचा निर्णय झाल्याशिवाय केलेली तरतूद अखर्चित राहते.

२. सायकल मार्गाच्या देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे व त्यातील रकमेच्या वर्गीकरणास मर्यादा असावी.

३. हद्दीवरील मार्गांसाठी महानगरपालिका, प्राधिकरण, बांधकाम खाते आणि ग्रामपंचायती यांचा संयुक्त आराखडा जिल्हा नियोजन समितीच्या पातळीवर तयार होणे इष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ य-घ नुसार पंचायती व नगरपालिकांच्या योजनांचे एकत्रीकरण हे या समितीचेच कार्य आहे.

४. विद्यार्थिनींना सायकल देणाऱ्या योजनेस शाळेच्या रस्त्याच्या सुरक्षिततेची जोड द्यावी.

सायकल चालविणाऱ्यांमध्ये दुचाकी घेणे न परवडणारा कामगार आणि परवाना मिळण्याचे वय न झालेला विद्यार्थी यांचा मोठा वाटा असतो. अंदाजपत्रकाच्या चर्चेत हे दोघेही उपस्थित नसतात. म्हणून त्यांची बाजू आकडेवारीसह मांडण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांना करता येईल. गावागावांतील रस्त्यांची, शाळेपर्यंतच्या अंतरांची व सायकलस्वारांची पाहणी हा विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय अभ्यासाचा उपयुक्त विषय होऊ शकतो आणि तिचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवता येतील.