आधी जमीन तपासा

खाणीच्या आवारात काही उभारण्यापूर्वी खालची माती व खडक तपासणे म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे मानणाऱ्यांनी वेल्समधील अ‍ॅबरफॅन विसरू नये. तेथे कोळसा खाणीतील टाकाऊ दगडमातीचे ढीग डोंगरउतारावर रचले जात. १९५८ साली सुरू झालेल्या सातव्या ढिगाची जागा भूपरीक्षणावाचूनच निवडण्यात आली; नकाशात दाखविलेल्या ओढ्याचीही दखल कोणी घेतली नाही. पाण्याने भिजलेला तो ढीग २१ ऑक्टोबर १९६६ रोजी घसरला आणि पायथ्याची शाळा व घरे गाडली गेली. ११६ मुलांसह १४४ जणांचा बळी गेला. चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरविले.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात ठिकठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ढीग असो वा इमारत, आधी जमिनीत छिद्रे घेऊन थरांचे नमुने काढावेत, भूजलाची पातळी मोजावी, मातीचे बळ प्रयोगशाळेत अजमावावे. हा खर्च बांधकामाच्या मानाने अल्पच असतो. म्हणून परीक्षणाचा अहवाल हाती आल्यावाचून कामास परवानगी मिळता कामा नये.